वाचल्यासारखं करणारा मुलगा: नवी मुंबईतल्या एका गटाचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण एका मुलाचं आहे. नववीत शिकणारा, हलगी झकास वाजवणारा, नाटकाचे संवाद सगळ्यांच्या आधी पाठ करणारा, आणि वाचता न येणारा. तो आमच्या गटात आला तेव्हा यातली शेवटची गोष्ट कुणालाच माहीत नव्हती. ती कळल्यावर आम्ही काय केलं, त्यातून त्याच्या हाती काय लागलं आणि नाटकाच्या प्रयोगावरून कसा पेच उभा राहिला, ते इथे सविस्तर मांडते आहे. मोठ्या मुलांसोबत काम करणारे शिक्षक, नाटकवाले आणि ग्रंथपाल यांच्या ते कामी यावं, ही इच्छा.

माझं म्हणणं आधीच सांगते. मुलाला आधी लिहिता-वाचता आलं पाहिजे, मग ते व्यक्त होईल, असा क्रम आपण धरून चालतो. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांच्या बाबतीत हा क्रम अडतो. ज्याला काही सांगायचं आहे, त्याच्या सांगण्यातूनच त्याचं वाचन सुरू करता येतं. आणि सांगणं त्याचं असेल, तर ते कुणापुढे मांडायचं हे ठरवण्याचा हक्कही शेवटपर्यंत त्याचाच राहतो. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा पाळायला अवघड आहे.

हा मजकूर त्या मुलाने पूर्ण ऐकला आहे आणि बराचसा स्वतः वाचला आहे. काय गाळायचं ते त्याने सांगितलं, ते गाळलं आहे. त्याचं नाव, गाव आणि वस्तीचं नाव देत नाही. गटातली मुलं त्याला ‘हलगीवाला’ म्हणतात, इथेही तेच म्हणते.

वस्ती आणि गट

ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पूर्वेला पारसिकचा डोंगर आहे. खाली एमआयडीसीचे कारखाने, वर उतारावर दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत चढत गेलेल्या वस्त्या. दगडखाणींवर आणि कंपन्यांत कामाला म्हणून जालना, बीड, सोलापूर, कलबुर्गी, उत्तर प्रदेश अशा ठिकाणांहून माणसं येत गेली आणि इथे राहिली. घराघरांत मराठवाड्याची मराठी, बंजारा, वडारी, कन्नड, भोजपुरी. मुलं आपसांत मुंबईची हिंदी बोलतात. शाळेत पुस्तकातली मराठी. म्हणजे एकेक मूल दिवसाला तीन भाषांतून ये-जा करतं आणि तरीही त्याला ‘भाषा कच्ची’ असा शेरा मिळतो.

आमचा गट एका समाजमंदिराच्या हॉलमध्ये शनिवारी संध्याकाळी आणि रविवारी सकाळी जमतो. आठवी ते बारावीची वीसेक मुलं-मुली. नळाला पाणी यायची वेळ बदलली की गटाची वेळ बदलते, कारण पाणी भरायला घरातलं हेच वय लागतं. चालवायला वस्तीतल्याच दोन ताई आहेत, दोघीही कॉलेजात शिकतात. ठाण्याहून एक नाटकवाला दादा रविवारी येतो. मी वाचन-लेखनाची बाजू बघते. खेळ, मोठ्याने वाचन, भिंतीवर लावायचं भित्तिपत्रक आणि वर्षाकाठी एक नाटक, असा आमचा साधारण क्रम.

नाटकाची प्रेरणा शेजारच्या ठाण्यातली. रत्नाकर मतकरींनी समता विचार प्रसारक संस्थेच्या साथीने 2014 मध्ये ‘वंचितांचा रंगमंच’ सुरू केला. ठाण्याच्या वस्त्यांतल्या मुलांनी आपल्या जगण्यातले विषय घेऊन स्वतः नाटिका रचायच्या आणि स्वतः करायच्या, ही त्यातली कल्पना. ज्या माणसाने बालरंगभूमीसाठी अर्धं आयुष्य दिलं, त्याने उतारवयात मुलांना तयार संहिता दिली नाही, तुमचं तुम्ही लिहा म्हणून सांगितलं. मे 2020 मध्ये कोरोनाने मतकरी गेले. आमच्या दादाने ते काम जवळून पाहिलं होतं आणि तीच रीत तो इकडे घेऊन आला.

लक्षात कसं आलं

हलगीवाला 2024 च्या जूनमध्ये आला. 1 ऑगस्टला वस्तीत अण्णाभाऊ साठ्यांची जयंती असते. त्या मिरवणुकीत त्याची हलगी ऐकली आणि नाटकाचं संगीत त्याच्याकडेच द्यायचं हे पक्कं झालं. कातडी हलगी विस्तवावर शेकून, बोटाने वाजवून बघून तो सूर धरायचा. हल्ली बरेच जण फायबरचा पडदा लावतात, त्याला ते चालत नसे.

त्याला छोटी भूमिकाही दिली होती. संवाद एकदा कानावर पडला की त्याला येत असे, समोरच्याचाही येत असे. कुणी अडलं की हाच पुढचं वाक्य सांगायचा. वाचनाची वेळ आली की मात्र त्याला हलगी शेकायची असे, पाणी प्यायचं असे, वही घरी राहिलेली असे. व्हॉट्सअॅपवर तो फक्त आवाजी निरोप पाठवायचा. यातली एकेक गोष्ट कुठल्याही मुलाची असू शकते, म्हणून ती कुणाला खटकली नाही.

उलगडा झाला तो तालमीत. ताईने एका प्रवेशातलं एक वाक्य बदललं आणि नवे कागद वाटले. सगळ्यांनी कागद हातात धरून नवं वाक्य म्हटलं. हलगीवाल्याने कागदावर नजर ठेवून, अगदी वाचतोय अशा थाटात, जुनं वाक्य म्हटलं. ताई तिथे काही बोलली नाही. नंतर तिने मला बाजूला घेऊन सांगितलं. तिच्या या शहाणपणावर पुढचं सगळं काम उभं राहिलं, असं मला मनापासून वाटतं. चार मुलांसमोर तिने ‘अरे, वाच ना नीट’ म्हटलं असतं, तर तो परत आलाच नसता.

पुढच्या काही आठवड्यांत गप्पांच्या ओघात अंदाज घेतला. मुळाक्षरं त्याला सुटी-सुटी ओळखू येत होती. काना आणि मात्रा जमत होत्या, वेलांटी-उकारात ऱ्हस्व-दीर्घाचा गोंधळ होता, जोडाक्षर आणि रफार आला की गाडी थांबायची. लांब शब्दाचं पहिलं अक्षर बघून तो बाकीचा अंदाजाने म्हणायचा. आकडे, तारखा, पैशांचा हिशोब मात्र चोख.

असा मुलगा नववीत कसा, हा प्रश्न बाहेरचे लोक विचारतात. शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत नापास न करण्याची तरतूद केली. 2019 मध्ये केंद्राने त्यात बदल करून पाचवी आणि आठवीला परीक्षा घेऊन मागे ठेवण्याची मुभा राज्यांना दिली. मागे ठेवल्याने वाचता येतं, असं मला दिसलेलं नाही. त्याच वर्गात, त्याच पुस्तकासमोर मूल आणखी एक वर्ष बसतं, एवढंच. खरी अडचण वेगळीच आहे. 2021 मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ या केंद्राच्या पायाभूत वाचन-गणिताच्या मोहिमेचा रोख तिसरीपर्यंतच्या मुलांवर आहे, आणि तो योग्यच आहे. नवभारत साक्षरता कार्यक्रम, म्हणजे ‘उल्लास’, पंधरा वर्षांपुढच्या निरक्षरांसाठी आहे. मध्ये उरतो तो शाळेत नाव असलेला, हजेरी लागणारा, तेरा-चौदा वर्षांचा मुलगा. तो कुणाच्याच यादीत बसत नाही. आणि तो अपवाद म्हणावा असाही नाही. ‘असर 2023’ हा मुलांच्या शिक्षणाच्या सर्वेक्षणाचा अहवाल ग्रामीण भागातल्या 14 ते 18 वयाच्या मुलांवर होता. त्यांतल्या बहुतेकांची नावं शाळा-कॉलेजांत होती, तरी सुमारे चौथ्या हिश्श्याला दुसरीच्या पातळीचा मजकूर आपल्या भाषेत सलग वाचता येत नव्हता.

सांगणारा आणि लिहिणारा

त्याला एकट्याला वेगळं बसवून शिकवणं हा सरळ मार्ग होता आणि तोच टाळायचा होता. म्हणून आम्ही सगळ्या गटाचीच रीत बदलली. जोड्या केल्या. एकाने सांगायचं, दुसऱ्याने लिहायचं. पुढच्या वेळी सांगणाऱ्याने आपलंच सांगणं वाचून दाखवायचं. विषय मोकळा. ज्यांना सरसर लिहिता येत होतं त्यांनाही हे आवडलं, कारण हात दुखत नाही आणि माणूस बोलतो तसं बोलत राहतो.

ही रीत आमच्या डोक्यातून निघालेली नाही. न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवताना सिल्व्हिया अॅश्टन-वॉर्नर यांनी प्रत्येक मुलाला विचारलं, तुला कोणता शब्द हवा? मूल सांगेल तो शब्द त्या कार्डावर लिहून द्यायच्या. दुसऱ्या दिवशी मुलाला तो ओळखता आला नाही, तर कार्ड टाकून द्यायच्या. मुलाला तो शब्द मनापासून हवा नव्हता, असं त्या धरत. ब्राझीलमध्ये शिक्षणतज्ज्ञ पावलो फ्रेरे यांनी 1963 मध्ये आंजिकोस या गावात सुमारे तीनशे प्रौढांना थोड्याच आठवड्यांत वाचायला शिकवलं, तेही लोकांच्या रोजच्या कामाधामातले शब्द घेऊन. दोघांच्या कामामागचा धागा एकच. वाचणाऱ्याला ज्यात जीव आहे, तो मजकूर आधी.

हलगीवाल्याची जोडी अकरावीतल्या एका मुलीशी लागली. तो सांगायचा, ती लिहायची. आणि लगेच एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. ती हुशार मुलगी, लिहिता-लिहिता त्याचं बोलणं ‘सुधारत’ होती. तो म्हणे ‘व्हता’, ती लिही ‘होता’. तो म्हणे ‘म्या’, ती लिही ‘मी’. वाचायची वेळ आली की तो नेमका याच जागी अडखळायचा. जिथे तिने त्याचा शब्द जसाच्या तसा ठेवला होता, तिथे तो पुढे सरकायचा. कारण उघड आहे. ज्याला अक्षरं अजून सराईतपणे फोडता येत नाहीत, तो निम्मं काम पुढचा शब्द काय असणार या अंदाजावर करतो. त्याच्या अंदाजात ‘व्हता’ होतं आणि कागदावर भलतंच. आपल्याला अडतं म्हणजे आपल्याला येत नाही, एवढंच त्याला दरवेळी कळत होतं. शाळेतही वर्षानुवर्षं हेच झालं असणार.

तेव्हापासून लिहिणाऱ्याला एकच नियम: ऐकलं तसं लिहायचं.

यावर त्याच्या शाळेतल्या मराठीच्या बाईंनी हरकत घेतली. त्या स्वतःहून हॉलवर आल्या होत्या, रविवार असताना. त्यांचं म्हणणं होतं, दहावीचा पेपर या भाषेत तपासला जाणार नाही, मुलाचं नुकसान कराल. हरकत रास्त होती. त्यांच्याशीच बोलून तोडगा काढला. वहीचं पान मधून दुमडायचं. डावीकडे त्याची मराठी. ती त्याला अडथळा न येता वाचता आली की उजवीकडे तेच पुस्तकाच्या मराठीत, आणि तो बदल त्याने स्वतः करायचा. ‘म्हनला’चं ‘म्हणाला’ करताना काय बदललं ते त्यानेच सांगायचं. बाईंनी नंतर आपल्या वर्गातही दोन मुलांसोबत हे करून पाहिलं.

जोडाक्षरांचं कोडंही त्याच्या मजकुरातूनच सुटलं. त्याने पक्कं ओळखलेलं पहिलं जोडाक्षर ‘म्ह’. त्याच्या गोष्टीत सगळे सतत काहीतरी ‘म्हनत’ असल्यामुळे ते ओळीओळीला यायचं. पाठ्यपुस्तकाच्या क्रमाने गेलो असतो, तर ‘म्ह’ केव्हा आलं असतं कोण जाणे.

लांब शब्द फोडायला हलगी कामी आली, आणि ही युक्ती त्याची स्वतःची. एका अक्षराला एक ठोका. धो-का-दा-य-क, पाच. स्थ-लां-त-र, चार, दुसरा ठोका लांबवलेला. पहिल्या अक्षरावरून बाकीचा शब्द अंदाजाने म्हणायची सवय यानेच मोडली, कारण ठोके कमी पडले की त्याच्या कानाला लगेच कळायचं. जो मुलगा तालात मात्रेची चूक सोडत नाही, तो शब्दातलं अक्षर कसं सोडेल? गटातल्या लहान पोरांनाही तो आता असंच शिकवतो.

वाचायला आणखी काय द्यायचं, हा प्रश्न मात्र सतावत राहिला. सोपी मराठी पुस्तकं आहेत, पण ती सहा-सात वर्षांच्या मुलांसाठी. ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट मिळतात, त्यांत ससे आणि फुगे. पंधरा वर्षांच्या मुलाला मित्रांसमोर ते हातात धरवत नाही. एकदा आम्ही गटाला ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात नेलं. 1893 सालची संस्था. दिघा गाव स्टेशन झाल्यापासून ठाणे एका स्टेशनावर आलं आहे. मुलं कपाटं बघून हरखली, हलगीवाला बराच वेळ वर्तमानपत्रांच्या टेबलाशी उभा राहिला, क्रिकेटचे मथळे लावत. मोठ्या वयाला शोभेल असा आशय आणि सोपी वाक्यं, अशी मराठी पुस्तकं फार थोडी आहेत. प्रकाशकांनी हे मनावर घ्यायला हवं. तोवर आमच्या मुलांनी एकमेकांच्या गोष्टी स्टेपल करून पुस्तिका केल्या आणि त्याच आमचं वाचनालय झाल्या.

नोटिशीची गोष्ट

डोंगरउताराच्या वस्त्यांत पावसाळ्याआधी दरडीच्या धोक्याच्या नोटिसा लागतात. घर धोकादायक जागी आहे, स्थलांतर करावे, अशा अर्थाच्या. त्या वर्षीच्या नाटकाचा विषय दरड हा होता. दादाने आणि मुलांनी मिळून मोठा पाऊस, तुंबलेलं गटार, रात्रीची पळापळ असे प्रवेश बांधले होते. प्रवेश ठीक होते, पण बातमीत वाचल्यासारखे.

दिवाळीच्या आसपास एका शनिवारी हलगीवाल्याने आपल्या जोडीदारणीला जे सांगितलं, ते तिने तसंच उतरवलं. त्यातला काही भाग त्याच्या परवानगीने देते.

“कागद दाराला चिटकिवलेला व्हता. बाप म्हनला, वाच रं. म्या वाचल्यावानी केलं. म्हनलं, पान्याच्या बिलाचं हाय. बाप म्हनला, बरं. मंग पाऊस लागला. रातच्याला माती आली घरात. माय म्हनली, पोरं उचला. आमी शाळत ऱ्हायलो दोन राती. कुनीच मला काय म्हनलं न्हाई. कागद तसाच व्हता दाराला, भिजलेला.”

हे काही वर्षांपूर्वीचं. कुणाला इजा झाली नव्हती. घरात वाचणारा म्हणून त्याच्याकडेच बघितलं जायचं, कारण घरातला सर्वांत जास्त शिकलेला तोच. ज्या गोष्टीचं घराला कौतुक, तीच गोष्ट आपल्याकडे नाही, हे तो कित्येक वर्षं एकटा सांभाळत होता.

हे पान तो पहिल्यांदा वाचून दाखवायला बसला तेव्हा मी तिथे होते. एक ओळ झाली की थांबायचा, मागे जायचा, पुन्हा म्हणायचा. चुकलं तर स्वतःच दुरुस्त करायचा. याआधी तो चुकला की विषय बदलत असे. स्वतःच्या मजकुरात चूक झाली की वाचणाऱ्याला ती आपोआप कळते, कारण घडलेलं काय हे त्याला ठाऊक असतं. शिकवणाऱ्याने चूक दाखवण्याची गरजच राहत नाही. वाचन शिकण्यातला हा फार मोठा टप्पा आहे, आणि तो परक्या मजकुरावर गाठायला मुलाला कितीतरी जास्त वेळ लागला असता.

पेच

पान गटात वाचलं गेलं, तेही त्याच्या होकाराने. वाचून झाल्यावर सगळ्यांना एकच सुचलं: नाटक इथे आहे. दादा तर उठून उभा राहिला. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. आम्ही बाहेरून बघणाऱ्यांनी दरडीला विषय धरलं होतं, आणि मुलाने दाखवला तो दारावरचा कागद.

असंच एक उदाहरण ऑगुस्तो बोआल या ब्राझीलच्या नाटककाराने नोंदवलं आहे. 1973 मध्ये पेरूच्या साक्षरता मोहिमेत तो काम करत होता. वस्तीतल्या मुलांना कॅमेरे देऊन विचारलं, शोषण म्हणजे काय ते फोटोतून सांगा. एका मुलाने भिंतीतल्या खिळ्याचा फोटो आणला. मोठ्यांना काही कळेना, बाकीच्या मुलांना लगेच कळलं. तिथली बरीच मुलं लिमा शहरात बूटपॉलिश करायची. घर लांब, पेटी रोज वाहून नेणं जड, म्हणून शहरातल्या दुकानाच्या भिंतीतल्या खिळ्याला ती टांगायची आणि त्या खिळ्याचं भाडं भरायची.

हलगीवाल्याने प्रयोगाला हो म्हटलं. पुढचे दोन आठवडे तो आलाच नाही.

दोन ताईंमध्ये यावरून खडाजंगी झाली. एकीचं म्हणणं, तो हो म्हणालाय, त्याच्यातली भीती रंगमंचावरच जाईल. दुसरी म्हणाली, वीस जण टाळ्या वाजवत असताना कुठलं पोरगं नाही म्हणेल? प्रयोगाला त्याचे आईवडील पहिल्या रांगेत बसणार आहेत. नोटिशीचं खरं काय ते वडलांना तिथे कळणार, सगळ्या वस्तीबरोबर. मला दुसरीचं पटलं. गटासमोर दिलेला होकार पक्का धरता येत नाही. असा होकार एकट्याला विचारून, मध्ये दिवस जाऊ देऊन, ‘नाही’ म्हणायची सोपी वाट ठेवून घ्यावा लागतो.

कायद्याचं बोलायचं तर 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार लिखाणाचा पहिला मालक त्याचा लेखक असतो, आणि त्यासाठी वयाची अट नाही. उलट करार करायला मात्र अठरा वर्षं पूर्ण लागतात. म्हणजे मुलाच्या गोष्टीवर हक्क मुलाचाच, आणि तिचा व्हिडिओ फिरवायचा असेल तर पालकांचीही संमती हवी. वस्त्यांत काम करणारे कितीतरी गट हे विसरतात. देणगीदाराला अहवालात फोटो हवा असतो, मुलाची करुण कहाणी हवी असते, आणि मूल भाबडेपणाने ती देऊन टाकतं. मला याचा राग येतो. ज्याच्याकडे देण्यासारखं फार थोडं आहे, त्याच्याकडून आपण त्याचं सर्वांत खाजगी तेच मागतो.

ताई त्याच्या घराजवळच्या कट्ट्यावर जाऊन त्याला एकटी भेटली. त्याने आधी इकडचं-तिकडचं सांगितलं, मग म्हणाला, “नाटकात नको. पर वही माझ्याकडं ऱ्हाऊ दे.” विषय तिथे संपला. दादाला वाईट वाटलं, पण त्याने पुन्हा एकदाही आग्रह धरला नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण हाताशी आलेला इतका ताकदीचा प्रसंग सोडून देणं नाटकवाल्याला किती जड जातं, ते मी पाहिलं.

तेव्हापासून गटात प्रत्येकाच्या दोन वह्या असतात. एक उघडी, तिच्यातलं भित्तिपत्रकावर, नाटकात, कुठेही जाऊ शकतं. दुसरी बंद. तिच्यातलं पान उघड्या वहीत न्यायचं असेल तर लिहिणाऱ्याने स्वतःच्या हाताने उतरवायचं. ते कुणी मागायचं नाही.

प्रयोग

जानेवारीत समाजमंदिरासमोरच्या मोकळ्या जागेत प्रयोग झाला. नोटीस नाटकात आली, पण वेगळ्या घराची: एक आजी, तिची सून, आणि वाचू न शकणारं कुणी नाहीच. कागदावरचे शब्द इतके अवघड की वाचूनही कुणाला कळत नाही. हा प्रवेश मुलांनी पूर्ण नव्याने रचला. हलगीवाला संगीताला होता. ‘स्थलांतर’ या शब्दाचे चार ठोके त्यानेच बसवले आणि तो ठेका नाटकभर येत राहिला.

नंतर बोआलच्या पद्धतीने तोच प्रवेश पुन्हा केला. प्रेक्षकांतल्या कुणीही ‘थांबा’ म्हणायचं, पात्राच्या जागी यायचं आणि आपण काय केलं असतं ते करून दाखवायचं. सुरुवातीला कुणी हलेना. मग एक म्हाताऱ्या बाई उठल्या, सुनेच्या जागी उभ्या राहिल्या, कागद घडी करून कमरेला खोवला आणि म्हणाल्या, “मला न्हाई येत वाचाया. शेजारच्या पोरीला इचारते, तिला नाय आलं तर वार्डात जाऊन इचारते. लाजायचं काय त्यात?” लोक हसले, टाळ्या झाल्या. मग तीन-चार जणी लागोपाठ उठल्या. स्थलांतर करायचं तर जायचं कुठे, भाडं कोण देणार, असले खरे प्रश्न तिथे निघाले, जे आमच्या संहितेत नव्हते.

त्यातूनच मुलांनी पुढचं काम हाती घेतलं. नोटिशीतला मजकूर साध्या मराठीत आणि हिंदीत, मोठ्या अक्षरांत, चित्रांसह लिहून रेशन दुकानाजवळ आणि नळावर लावला. रात्री जोराचा पाऊस असेल तर कुठल्या शाळेत जायचं, सोबत काय घ्यायचं, कुणाला फोन करायचा. शब्द कुठला सोपा, यावर हलगीवाला सर्वांत जास्त भांडला. अवघड शब्दाला माणूस कुठे अडतो, याचं ज्ञान गटात सगळ्यांत जास्त त्याच्याकडेच होतं.

आजची स्थिती

वडलांना त्याने नंतर स्वतःच सांगितलं. कसं आणि काय बोलणं झालं ते मला माहीत आहे, पण ते इथे नको म्हणाला.

आता तो दहावीला आहे. ओळखीच्या विषयावरचा पानभर मजकूर तो हळू पण न थांबता वाचतो. इतिहासाचं पुस्तक अजून जड जातं, रफार अधूनमधून चकवतो, लिहिण्याचा वेग परीक्षेला पुरेल असा नाही. बाई त्याच्याकडून रोज एक उत्तर वेळ लावून लिहून घेतात. बोर्डाच्या परीक्षेत तो पास होईलच असं मी म्हणणार नाही. मराठी आणि गणिताची मला आशा आहे, इंग्रजीची चिंता आहे. इंग्रजीसाठी हीच रीत वापरता येईल का, हे बघतोय. अडचण अशी की त्याला इंग्रजीत सांगायचं असं काही नाही, आणि सांगण्याशिवाय ही रीत चालत नाही. म्हणून सध्या तो हलगीवरचे व्हिडिओ टाकताना खाली चार शब्द इंग्रजीत लिहितो आणि तेच शब्द आम्ही धरले आहेत.

गटात यंदा आणखी तीन मोठी मुलं ‘वही घरी राहिली’ म्हणत आली. त्यांतल्या दोघांना हलगीवाल्यानेच आणलं. ती काय लपवतात हे त्याला आमच्याआधी कळलं होतं. त्यांच्या जोड्या लावल्या आहेत, आणि एकाचा लेखनिक तो स्वतः आहे. लिहायला त्याला वेळ लागतो, म्हणून सांगणाऱ्याला थांबून-थांबून सांगावं लागतं. आत्ता खरी गरज आहे ती अशा लेखनिकांची: आठवड्यातून दोन तास बसून, समोरचा बोलेल ते, बोलेल तसं उतरवून घेणाऱ्या माणसांची. त्यासाठी बी.एड. लागत नाही. अक्षर सुवाच्य लागतं, आणि आपला शब्द मध्ये न घालण्याची शिस्त लागते. दुसरी गोष्ट शिकवायला आम्हाला प्रत्येक नव्या स्वयंसेवकामागे बरेच आठवडे द्यावे लागतात.